बोट इली!

आजोबा तरुणपणी मालवणात पडावावर खलाशी होते. बंदराच्या तोंडाशी खडक फार, म्हणून मुंबईहून येणारी आगबोट धक्क्याला लागत नसे. लांब, खोल पाण्यात उभी राहायची. तिचा भोंगा ऐकू आला की वाडीवाडीतून हाक उठे, "बोट इली!" आणि आजोबा जोडीदारांसह पडाव लोटायचे.

हेलकावणाऱ्या बोटीच्या कुशीला पडाव भिडवायचा आणि लाटेने तो वर उचलला की माणसाचा हात धरून त्याला आत घ्यायचं. आधी पोरं, मग बायका, मग ट्रंका आणि वळकट्या. वाळूपाशी गुडघाभर पाणी उरलं की म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन उतरवायचं. "हात घट धरूचो, पण दुखवचो नाय," असं म्हणत आजोबा माझं मनगट धरून दाखवायचे. ती पकड अजून आठवते.

उतरणारे बहुतेक चाकरमानी असत, गिरणगावात राबणारे. एरवी घर त्यांच्या मनिऑर्डरीवर चाले. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा नुसती वाट बघायची. आजीने माजघरात येणाऱ्याच्या सामानासाठी एक घडवंची कायम मोकळी ठेवलेली. कोणीही आलं की तिचा नेम ठरलेला, "आदी गूळपाणी, इचारपूस मगे."

या गोडव्याची गोष्ट आजोबा किल्ल्यापर्यंत नेत. 1664 साली शिवरायांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्या वेळी जिथे पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर आहे. होडीतून जाताना आजोबा म्हणत, दरवाजा शोध. तटाला अगदी भिडेपर्यंत तो दिसतच नसे. आणि आत, चहूकडून खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. ओंजळभर पाणी पाजून ते म्हणायचे, "बघ, दर्यानसुद्धा पावण्याची सोय केलेली हा."

पुढे रस्ते झाले, एस.टी. वाढली, बोटी थांबल्या. 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, 1997 मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्याच सुमारास कोकण रेल्वे मुंबईहून थेट कुडाळला माणसं आणून सोडू लागली. मग तारकर्लीची वाळू आणि नितळ पाणी साऱ्या महाराष्ट्राला कळलं. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागेत होड्यांची गर्दी झाली. पाण्याखालची प्रवाळं बघायला लोक स्कूबाचा पोशाख चढवू लागले. ज्या घरांनी चाकरमान्यांसाठी खोल्या झाडून ठेवल्या होत्या, त्यांनीच न्याहारी-निवासाच्या पाट्या लावल्या. आमच्या मागच्या पडवीचीही खोली झाली. सकाळी घावणे आणि नारळाचा रस, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी: घरच्यांसाठी जे शिजायचं, तेच पाहुण्यांच्या ताटात आलं. मालवणची ओढ मला यातच दिसते. पाहुणचार या गावाला नव्याने शिकावा लागला नाही.

पण रापण ओढायला मोकळी वाळू लागते. पहाटे पन्नास-साठ माणसं दोन्ही टोकांनी दोर खेचतात, जाळं वर येतं, मासळीचे वाटे पडतात. तिथेच गाड्या नि खुर्च्या मांडल्या तर ते जाळं कुठे ओढायचं? खडकांतल्या प्रवाळावर नांगर पडत राहिले तर पाहुण्यांना दाखवायचं काय? आजोबांचा नियम मला इथेच लागू वाटतो. पर्यटनाने गावाचा हात जरूर धरावा, घट्ट धरावा. पण दुखवू नये.

परवा जेट्टीवर चुलतभाऊ किल्ल्याची होडी भरत होता. एक आजी काठावर घाबरून उभ्या राहिल्या. त्याने एक लाट जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. तिसरीला होडी वर आली तसं त्याने त्यांचं मनगट धरलं, तसंच. आजी आत बसल्या आणि हसल्या. आजोबांना त्याने कधी पाहिलेलं नाही.