सॉफ्टवेअरची चाचणी : प्रत्येक शक्यता तपासणे अशक्य का?

सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी त्यातील दोष शोधण्यासाठी जी तपासणी केली जाते, तिला चाचणी म्हणतात. एकच सॉफ्टवेअर निरनिराळे प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रिंटर, भाषा आणि वापरकर्त्याने निवडलेले पर्याय यांच्यासह चालावे लागते. या सर्वांच्या विशिष्ट जुळणीला ‘कॉन्फिगरेशन’ अर्थात मांडणी असे नाव आहे. प्रत्येक मांडणी तपासली की सॉफ्टवेअर निर्दोष ठरेल, असे वरवर पाहता वाटते. परंतु साधे गणितच या कल्पनेच्या आड येते.

आकड्यांचा डोंगर

‘चालू’ किंवा ‘बंद’ ठेवता येणारा एकेक पर्याय वाढला की मांडण्यांची संख्या दुप्पट होते. १० पर्यायांच्या १,०२४, २० पर्यायांच्या दहा लाखांहून अधिक, तर ३० पर्यायांच्या १०७ कोटींहून अधिक मांडण्या होतात. एका मांडणीला एक सेकंद दिला, तरी अहोरात्र चालणाऱ्या संगणकाला ३४ वर्षे लागतील. हजार संगणक कामाला लावले, तरी आणखी दहा पर्याय वाढताच तो सारा लाभ संपुष्टात येतो. लिनक्स कर्नलमध्ये तर असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत.

जोड्यांची युक्ती

यावर ‘जोडी-चाचणी’ हा एक व्यवहार्य तोडगा आहे. सर्व मांडण्या तपासण्याऐवजी कोणत्याही दोन पर्यायांच्या सर्व अवस्था किमान एकदा एकत्र याव्यात, एवढेच त्यात पाहिले जाते. ३० पर्यायांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या चार अवस्था असतात. एका चाचणीत सर्व जोड्यांची एकेक अवस्था तपासली जात असल्याने, कौशल्याने आखलेल्या केवळ ८ चाचण्या पुरतात.

या पद्धतीला अनुभवाचाही आधार आहे. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तपासलेले बहुतांश बिघाड एक किंवा दोन घटकांमुळे उद्भवले होते. सहापेक्षा अधिक घटक एकत्र आल्याने झालेला बिघाड त्यांना आढळला नाही. तथापि तीन ते सहा घटकांच्या संयोगातून होणारे बिघाड जोडी-चाचणीतून निसटू शकतात.

निसटलेल्या शक्यतेची किंमत

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीच्या अहवालानुसार, प्रणालीच्या एका भागाला २१ मूल्ये अपेक्षित होती, प्रत्यक्षात २० च पुरवली जात होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असा निकष असल्याने ही तफावत उघड झाली नाही. शिवाय ते अद्ययावतीकरण टप्प्याटप्प्याने न देता एकाच वेळी सर्वत्र पाठवण्यात आले.

चाचणीने दोष सापडतो, मात्र दोष उरलाच नाही हे सिद्ध होत नाही, ही मर्यादा डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच दाखवून दिली होती. म्हणूनच काय तपासायचे याची विचारपूर्वक निवड करणे जितके आवश्यक, तितकेच नवे सॉफ्टवेअर आधी थोड्या संगणकांवर चालवून पाहणे आणि बिघाड होताच जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय ठेवणेही आवश्यक ठरते.