पुसूनही उरलेला चेहरा

आमच्या अंबरनाथमध्ये इतिहास म्हटलं की सगळे पूर्वेच्या शिवमंदिराकडे बोट दाखवतात. आम्ही पडलो पश्चिमवाले! पण कल्याण इथून तिसरं स्टेशन, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात ते 'कल्लिएना' नावानं आहे. तर मंडळी, आजचा शनिवार नाण्यांचा.

पेरिप्लस म्हणतो, भडोच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी यायची आणि इथल्या नाण्यांत बदलली की नफा व्हायचा. रोमच्या चांदीच्या नाण्यावर सम्राटाचा चेहरा, भोवती त्याचं नाव. भडोचवर राज्य होतं क्षहरात नहपानाचं. त्याच्याही चांदीच्या नाण्यावर उजवीकडे बघणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण, वज्र, आणि नाव ब्राह्मी-खरोष्ठीत. साचा इंडो-ग्रीकांचा, पण चेहऱ्यांवर रोमन छाप आहे असं काही अभ्यासकांना वाटलं. गंमत म्हणजे नाव एकच, चेहरे मात्र वेगवेगळे. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा.

हे कळलं १९०६ साली. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला! एका बाजूला कमानींचा चैत्य आणि नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह.

वितळवून नवी का नाही पाडली? मला वाटतं, घाई. चांदी तीच, वजन लोकांच्या ओळखीचं, मग भट्टीचा खर्च कशाला? आमच्या ऑफिसात याला 'ओव्हरराइट मारणं' म्हणतात, आणि जुना डेटा कुठून तरी डोकावतोच. (सोमवारी सकाळी तर हमखास.)

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं ती अभिमानानं सांगते. या लढाया पोथीतल्या नव्हेत. पेरिप्लसच्याच काळात कल्याणचा व्यापार अडवला गेला होता. चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. आमच्या शेजारच्या बंदराचं पोटच मारलं की!

आणि निःशेष म्हणावं, तर जोगलटेंभीच्या नाण्यावर चैत्याच्या कमानींमधून नहपानाचं नाक अजून दिसतं. एखाद्यावर डोळाही.