ओसरी उंचावर नेताना : 'कांचनजंगा'ची रचना आणि घराचा उंबरठा

मुंबईत घर बांधणाऱ्यापुढे दिशेचा एक जुना पेच असतो. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. अरबी समुद्राचे दृश्यही तिकडेच, आणि पूर्वेला बंदर. तेव्हा घर पूर्व-पश्चिम खुले असावे, हे उघडच आहे. मात्र दुपारनंतरचे ऊन आणि मोसमी पावसाचा मारा हेही त्याच पश्चिमेचे. वसाहतकालीन बंगल्याने यावर साधा तोडगा काढला होता : राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचे कडे. ऊन-पाऊस तेथे अडतो, वारा आत जातो. हा तोडगा अर्थात जमिनीवर पसरलेल्या घराचा होता. बंगल्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले, तेव्हा तो मागे पडला. खोली थेट उन्हापावसाला भिडली आणि व्हरांडा हातभर बाल्कनीपुरता उरला. पुढे तीही काच वा जाळी लावून खोलीत सामावून घेण्याची रीत पडली.

चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या कंबाला हिलवरील 'कांचनजंगा' (१९७०–८३) या इमारतीचे महत्त्व या संदर्भात आहे. २१ मीटर बाजूचा चौरस तळ आणि ८४ मीटर उंची, म्हणजे रुंदीच्या चौपट उंचीचा हा काँक्रीटचा मनोरा. त्यात अवघी ३२ घरे. तीन ते सहा शयनकक्षांची, चार प्रकारची ही घरे एकमेकांत गुंतवलेली आहेत आणि पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जातात. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची खुली बाग कोरून काढली आहे. मनोऱ्याच्या सरळ भिंतीत दिसणाऱ्या त्या खोल खाचा म्हणजे बंगल्याचा व्हरांडाच होय. वर छप्पर, बाजू मोकळी, आणि खोली त्यामागे सुरक्षित. घरातल्या पातळ्याही किंचित वरखाली केल्या असल्याने बागेतून खोलीत जाताना आपण 'आत' आलो, याची जाणीव पावलांना होते.

घरे एकमेकांत गुंतवण्याची कल्पना ल कॉर्ब्युझिए यांच्या मार्सेयमधील निवासी इमारतीची (१९४७–५२) आठवण करून देते. भेदही तितकाच बोलका आहे. मार्सेयमध्ये दर तिसऱ्या मजल्यावर इमारतीच्या पोटातून एक सामाईक 'रस्ता' जातो. कांचनजंगात तसा रस्ता नाही.

येथे शब्दांकडेही पाहिले पाहिजे. 'बंगला' हा शब्द बंगालचा. 'व्हरांडा' पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपभर गेला. त्याचे मूळ भारतातले की इबेरियातले, यावर कोशकारांत एकमत नाही. मराठीजवळ या अवकाशासाठी स्वतःचे शब्द होते : ओसरी, पडवी, सोपा. ओसरी पाऊस अडवते, पण तेवढ्यासाठीच ती नसते. आल्यागेल्याला घरात न घेता घरी बसवण्याची ती जागा. कोणी ओसरीवर थांबायचे आणि कोणी माजघरापर्यंत यायचे, यात नाते, जात आणि लिंग यांचा हिशेब असे. त्यामुळे तिच्याविषयी निव्वळ हळहळण्याचे कारण नाही. तरीही घर आणि गाव यांची गाठ तिथे पडे. चाळीच्या सामाईक गॅलरीने हे काम शहरात वेगळ्या रीतीने चालू ठेवले. 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये पु. ल. देशपांडे यांना एका इमारतीलाच पात्र करता आले, त्यामागे ही गॅलरी आहे. जिथे कोणीही कोणाच्या दारावरून जाऊ शकतो, तिथे कथानक आपोआप घडते.

कांचनजंगातील बागेवरून कोणी जात नाही. तिथे पोहोचण्याची वाट घरातूनच आहे. ऊन, वारा, पाऊस यांच्याशी व्हरांड्याचे असलेले नाते कोरियांनी विलक्षण कौशल्याने उंचावर नेले. येणाऱ्याजाणाऱ्याशी असलेले नाते खालीच राहिले. भाषांतराच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही : अर्थ येतो, संबोधन येत नाही. केवळ ३२ धनिक कुटुंबांसाठीच्या इमारतीकडून याहून अधिक अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे ठरेल. पण तिला 'परंपरेचा आधुनिक आविष्कार' म्हणताना कोणती परंपरा, हे विचारायला हवे. ती बंगल्याची आहे; वाड्याची किंवा चाळीची नव्हे.

कोरियांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी १९६४–६५ मध्ये खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली होती. कांचनजंगा पूर्ण झाली त्याच १९८३ मध्ये त्या नव्या मुंबईतील बेलापूर येथे त्यांच्या बैठ्या वसाहतीचे काम सुरू झाले. तिथे सात घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका अंगणाभोवती बसवली. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही, म्हणजे कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे. रहिवाशांनी ती मुभा पुरेपूर वापरली. मूळची अनेक घरे पाडून त्यांच्या जागी मजले चढले.