तंजावरची भिंत आणि आजींचा कागद

चेन्नईत येऊन चार वर्षं झाली, पण तंजावरला जाणं काही घडत नव्हतं. दर मोठ्या वीकांताला बेत ठरायचा आणि दर वेळी एखादा रिलीज आडवा यायचा. शेवटी जानेवारीत एका शुक्रवारी लॅपटॉप मित्राच्या घरी टाकला (मुद्दाम!), हापिसातून थेट एग्मोर स्टेशन गाठलं आणि सकाळी सकाळी तंजावरला उतरलो.

मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी साताऱ्याचा. त्यामुळे "आपलं" राज्य बघायला निघालोय, अशी एक गुर्मी होती. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट मी हापिसच्या कँटीनमध्ये किमान दहा वेळा ऐकवली असेल. पुरावा कधीच कुणाकडे नसतो, पण सांगायला मजा येते. असो.

पहिलं अर्थातच मोठं देऊळ. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० साली पूर्ण झालेलं. शिखर दोनशे फुटांहून उंच. या आकड्याचा अर्थ खाली उभं राहून मान मागे टाकेपर्यंत कळत नाही. जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्यात. कोणी काय दान दिलं, देवळात नाचणाऱ्या बायका कोण, सगळा हिशेब दगडावर. माझी चोळांबद्दलची सगळी माहिती एका सिनेमापुरती असल्याने मी नम्रपणे पुढे सरकलो.

मला बघायची होती ती बाहेरची भिंत. आवाराच्या नैऋत्येला ओवरीच्या भिंतीवर भोसल्यांची आख्खी बखर कोरलेली आहे. भाषा मराठी, लिपी देवनागरी, साल १८०३. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, चक्क आपली अक्षरं! पहिली पाच मिनिटं मी नुसता खूश होऊन फोटो काढत होतो. मग वाचायला गेलो. एकेक अक्षर ओळखू येतंय, पण शब्द कुठे तुटतो ते चटकन कळत नाही. मध्येच एखादं नाव लागतं की पुन्हा सगळं निसटतं. अर्ध्या तासात मी धड चार ओळी पुढे सरकलो नाही. शेजारी एक तमिळ कुटुंब उभं होतं. त्यातल्या काकांनी विचारलं, "व्हॉट इज रिटन?" मी म्हटलं, "फॅमिली हिस्टरी." याहून जास्त मला सांगता आलं नसतं.

आता थोडा इतिहास. व्यंकोजीराजे, म्हणजे शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव, विजापूरकरांतर्फे फौज घेऊन इथे आले आणि १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. १६७७ मध्ये थोरले बंधू शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम नदीकाठी भेट झाली, वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून बिनसलं आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून गेले. "आपलं राज्य" वगैरे म्हणताना हे भांडण आपण सोयीस्कर विसरतो. तंजावरचं राज्य साताऱ्याची शाखा नव्हतीच कधी. ते वेगळं राज्य होतं. तिथल्या शाहजीराजांनी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) मराठीत नाटकं लिहिली ती विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या सव्वाशे वर्षांहून जास्त आधी. आणि त्याच दरबारात तेलुगू, तमिळ आणि संस्कृतही तितक्याच मानाने नांदत होतं.

पण भिंतीवरच्या सालाकडे परत येऊ, कारण मला रात्री लॉजवर झोप येईना ती त्याच्यामुळे.

बखर कोरवून घेतली ती दुसऱ्या सरफोजीराजांनी. ते १७९८ साली गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती उरला किल्ला, नेमणूक आणि महसुलातला ठरावीक हिस्सा. म्हणजे बखर कोरली तेव्हा राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. तिकडे पुण्याच्या बाजीरावांनीही १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह करून टाकला होता. मला वाटत होतं की असा एवढा मोठा लेख विजयाच्या भरात कोरतात. हा कोरलाय सगळं हातचं गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघितलं आणि मग या माणसाचा अंदाज आला. ग्रंथसंग्रहाची सुरुवात नायक राजांची, पण तो वाढवला सरफोजींनी. १८२० ते १८२२ ते काशीयात्रेला गेले ते पोथ्या जमवत, नकला करवून घेत. लढाई करायची नाही, कर बसवायचा नाही, मग राजाने करायचं काय? यांनी ग्रंथ जमवले. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि त्यावर इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. 'बालबोध मुक्तावली' हे आद्य मराठी छापील पुस्तकांपैकी एक, आणि ते छापलं गेलं तंजावरात! धन्वंतरी महालात डोळ्यांचे उपचार चालत. रुग्णांच्या नोंदींबरोबर त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवलीत. एकेक आजारी डोळा आपल्याकडे बघत असतो. मी त्या चित्रांसमोर बराच वेळ थांबलो.

पुढची गोष्ट कडू आहे. १८५५ मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे वारले, मागे पुत्र नाही, डलहौसीने गादी खालसा केली. नुसती गादी नाही, खाजगी मालमत्तेवरही कंपनीने कब्जा बसवला. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या आणि मद्रासच्या सुप्रीम कोर्टात चक्क जिंकल्या. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला: ही सार्वभौम सत्तेची कृती आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. हा खटला अजूनही कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता कुटुंबाला परत दिली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. यातूनही ग्रंथसंग्रह टिकला आणि १९१८ मध्ये सगळ्या लोकांसाठी खुला झाला.

तिथेच मोडी कागदांचे हजारावर रुमाल आहेत. दरबाराचा रोजचा हिशेब, पत्रं, हुकूम. भाषा मराठी. त्यातल्या निवडक कागदांचं भाषांतर झालं, १९८९ साली त्याचे खंड निघाले... तमिळमध्ये. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने ते काम केलं. म्हणजे भिंतीजवळच्या त्या काकांना घरी बसून जे वाचता येईल ते मला येणार नाही. गुर्मी तिथे उतरली.

उरलीसुरली संध्याकाळी उतरली. टीममधल्या एका सहकाऱ्याचं आजोळ तंजावरचं. त्याची आजी घरात मराठी बोलते हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. आडनावाच्या जागी 'राव' बघून मी त्याला कन्नड समजत होतो! आजींनी जेवायला बसवलं, आंबट भाजी वाढली. त्यांचं मराठी ओळखीचं, पण हेल पूर्ण तमिळ. मी "सॉरी", "अ‍ॅक्च्युअली" घालून बोलतोय आणि तंजावरच्या आजी माझ्याहून शुद्ध. जेवण झाल्यावर त्यांनी देवघरातून एक पिवळा पडलेला, घड्या घातलेला कागद आणला.

"तुम्ही तिकडचे. मोडी येते ना तुम्हाला?"

मी नाही म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. कागद परत घडी करायला लागल्या आणि मला एकदम साताऱ्याचं घर आठवलं. आजोबांना मोडी यायची. त्यांची एक ट्रंक होती, अशाच कागदांची. जुनं घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबांनी विचारलं, हे ठेवायचं का? मी म्हटलं, कोणाला वाचता येतंय? रद्दीवाल्याने किलोवर नेलं.

आम्हा लोकांना बॅकअपचं फार कौतुक. डेटा तीन ठिकाणी ठेवला की निर्धास्त. पण जो डेटा वाचणारा प्रोग्रॅमच उरला नाही, त्याचे कितीही बॅकअप घ्या, उपयोग काय? सरफोजींनी बखर दगडावर कोरून घेतली, पोथ्या जपल्या. राज्य गेलं तरी ते सगळं टिकलं. वाचणारे मात्र पुढच्यांनी तयार करायचे होते. आजींनी न वाचता येणारा कागद देवघरात ठेवला. मी ट्रंक रद्दीत दिली. "आपलं राज्य" म्हणायचा हक्क दोघांपैकी कोणाला जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

परवानगी घेऊन त्या कागदाचा फोटो काढला आणि परत आल्यावर मोडीचं पुस्तक मागवलं. मोडीत आधी आख्खी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवतात, हे सुद्धा मला आत्ता कळलं. रोज रात्री अर्धा तास. दोन महिने झाले. परवा तिसऱ्या ओळीत 'तंजावर' लागलं. त्याच्या पुढचा शब्द बहुतेक 'विहीर' आहे. आजींना फोन करून सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "कोणाची विहीर?"

ते अजून लागायचंय.