वहाण, पादुका आणि वारीची वाट

सह्याद्रीच्या माथ्यावर पहिल्या पावसाचे ढग उतरू लागले, की भोर आणि वेल्हे या मावळी मुलखात दोन कामांची एकदम घाई उडते. एक भाताच्या रोपांची आणि दुसरी पंढरीच्या वारीची. घरातला एखादा वडीलधारा पेरणीची कामे मुलांवर सोपवितो, पडशी बाहेर काढतो आणि सर्वांत आधी आपल्या वहाणा हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो. हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. वारीविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु जिच्या आधाराने वारी घडते, त्या वहाणेविषयी आणि ती शिवणाऱ्या हातांविषयी फार थोडे. म्हणून आज हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाट लहान नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मावळातला वारकरी कधी आळंदीहूनच पालखीबरोबर निघतो, तर कधी नीरा किंवा लोणंद येथे तिला जाऊन मिळतो. ज्या नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, ती नदी भोरच्याच डोंगरात उगम पावते. आपल्या रानातले पाणी आपल्या आधी पुढे जाऊन वाट पाहत आहे, अशी भावना या माणसाच्या मनात उठत असेल तर नवल नाही.

वहाणेचे मूळही याच रानात सापडते. नीरेच्या खोऱ्यातील मुलखाला इतिहासात हिरडस मावळ म्हणतात. बाजीप्रभू देशपांडे याच मावळातले. या नावात हिरडा ऐकू येतो आणि भोरहून वरंध घाटाकडे जाताना हिरडोशी गाव लागते. हिरडा आपण घरगुती औषध म्हणून ओळखतो. पण कातडी कमाविणाऱ्याला तो त्याहून मोलाचा. हिरड्याचे फळ आणि बाभळीची साल यांच्या तुरट अर्कात कच्चे कातडे मुरविले, की ते कुजत नाही, चिवट होते आणि तरीही पायाशी मऊपणाने वागते. चुन्याच्या हौदात भिजवून केस काढणे, कातडे खरवडणे, ते पिशवीसारखे शिवून त्यात अर्क भरून टांगणे, अशी ही अनेक दिवसांची मेहनत. क्रोमियमच्या क्षारांनी झटपट कातडे कमाविण्याची रीत येण्यापूर्वी सगळी वहाण याच मेहनतीतून जन्माला येई.

कातडे कमाविणारा ढोर आणि वहाण शिवणारा चांभार हे गावगाड्याचे घटक. चांभार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर तो गावाच्या वहाणा आणि विहिरीवरच्या मोटा शिवी आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य घेई. या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र चांगली होती. वहाण दुकानातून येत नसे, ती पायावरून बेतली जाई. शेतकरी त्याच्यापुढे पाय ठेवी, तो कातड्यावर पावलाची रेघ ओढी आणि रापीने तळ कापी. कोणाचा अंगठा बाहेर वळलेला, कोणाची टाच रुंद, कोणाचा एक पाय दुसऱ्याहून मोठा, हे सारे त्याला ठाऊक असे.

त्या शहाणपणातून आजच्या पदयात्रीनेही काही घ्यावे. वहाण सकाळी नव्हे, संध्याकाळी पायात घालून पाहावी. दिवसभराच्या चालीने पाऊल किंचित सुजलेले असते आणि वाटेवर ते तसेच राहणार असते. दोन्ही पाय घालून पाहावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. बोटांपुढे थोडी जागा सुटावी, पण टाच तळाबाहेर लोंबू नये. अंगठा आणि पट्टा पाय धरून ठेवतील इतके घट्ट असावेत, रुततील इतके नव्हेत. चामड्याच्या नव्या वहाणेला तेल द्यावे आणि निघण्याआधी काही आठवडे ती घालून गावात हिंडावे. आम्ही हा शेवटचा नियम मोडून एकदा नव्या कोऱ्या वहाणांनी वेल्ह्याहून तोरणा चढलो. उतरताना वहाणा हातात होत्या आणि टाचांवर फोड होते. आषाढात तर आणखी एक संकट. चामडे पाण्याने फुगते, शिवण सैल होते, तळ निसरडा होतो. म्हणूनच पुढे टायरच्या आणि रबराच्या चपला वारीत शिरल्या. त्यात विटाळ मानण्यासारखे काही नाही. पावसाळी वाटेला जे मानवेल तेच खरे.

पायाचे ऐकावे, हा धडा आपल्या परंपरेतही आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय तोफगोळ्याने मोडला. पुढच्या वर्षी ते यात्रेला निघाले, तेव्हा त्यांनी गवती वहाणांचा जोड घेतला खरा, पण घातली एकच वहाण. दुखावलेला पाय सुजत असे, त्याला आधार हवा होता. दुसरा पाय त्यांनी अनवाणीच ठेवला. तपश्चर्या आणि विवेक यांचा असा मेळ विरळा. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी सावंतवाडी, बेळगाव या भागांतून जुने गोव्याला पायी जाणाऱ्या आपल्या बांधवांनी तो ध्यानी घ्यावा.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यासाठी हा लेखनप्रपंच. वारीच्या पालखीत काय असते? संतांच्या पादुका. म्हणजे पायातले पादत्राणच मस्तकी धरून लाखो माणसे चालतात. आणि तरीही 'पायातली वहाण पायातच बरी' अशी म्हण याच भाषेने घडविली. ज्याने वारकऱ्याची वहाण शिवली, त्याला पंढरीला पोचल्यावर विठ्ठलाच्या मंदिराचे दार बंद होते. संत चोखामेळ्यांची समाधी महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. अस्पृश्य मानलेल्यांची सीमा किती शतके तिथेच होती, हे ती मुक्याने सांगते. ही सीमा पुसावी म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

हा दोष केवळ दुसऱ्यांचा, असे आम्ही म्हणणार नाही. ख्रिस्ती समाजातही जातीचा विचार दाराबाहेर काढून ठेवणे किती जणांना साधले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. कारागिराचा विसर तर आजही पडतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा त्या मुळात कोणाच्या हे सांगितले नव्हते. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली.

पालखीच्या मुक्कामी आजही एक दृश्य दिसते. काही चर्मकार बांधव रस्त्याच्या कडेला आरी आणि दोरा घेऊन बसतात आणि वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा एक पैसाही न घेता शिवून देतात. ज्यांच्या पूर्वजांना दार बंद होते, ते दाराकडे निघालेल्यांचे पाय सांभाळीत आहेत. पवित्र गुरुवारी आम्ही वेदीसमोर बारा जणांचे पाय धुतो, तेव्हा या मंडळींची आठवण होते. वाचकहो, पुढल्या यात्रेला निघताना वहाण नीट पारखून घ्या. आणि ती ज्याने शिवली त्याचे नाव एकदा तरी विचारा.