पेटीतलं ग्रंथालय

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज ग्रंथालयाबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी नोकरी-संसार सांभाळून बाहेरून परीक्षा देता. तुमच्या घरापर्यंत धडे पोचतात. विद्यापीठाचं ग्रंथालय मात्र पोचत नाही. असं का, याला इतिहास आहे.

1858 च्या सनदेनं लंडन विद्यापीठानं कॉलेजात हजेरीची अट काढली. वैद्यक सोडलं, तर कुठंही शिकलेला पुरुष परीक्षेला बसू शकत होता. स्त्रियांना पदवीसाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. पण उघडली ती परीक्षा. पुस्तकं कुठून आणायची, हे ज्याचं त्यानं बघायचं.

पुस्तकं पोचवायची कशी, हे आपल्याकडे एका मराठी माणसानं दाखवलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली, बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर आला. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं खातं उभं केलं. त्यातून फिरती ग्रंथालयं निघाली. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची आणि मागणी येईल त्या गावाला पाठवायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचून झालं की पेटी परत, दुसरी पेटी दारात. मी आयुष्यभर फौजेत होतो, मला यात रसदीचा विचार दिसतो. पुढच्या ठाण्यावरच्या शिपायाला कोणी सांगत नाही की, डेपोत येऊन जेवून जा. तामिळ मुलखातही 1931 मध्ये मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय फिरू लागलं.

1962 मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. 1985 मध्ये इग्नू आलं, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. धडे छापून टपालानं गेले, पेटी मात्र मागे राहिली. माझ्या मते दूरशिक्षणातली ही सगळ्यात मोठी उणीव.

इतिहासात ती फार जाणवते. पानिपत घ्या. पुस्तिकेत ते दोन-तीन पानांत उरकतं आणि वाटतं, संपला विषय. पण जदुनाथ सरकार वाचा, रियासतकार सरदेसाई वाचा, मग शेजवलकर वाचा. शेजवलकर भाऊसाहेबांची बाजू ज्या जोरानं मांडतात, ती इतरांकडे तशी सापडत नाही. एकच पुस्तिका वाचणाऱ्याला इथं वाद आहे हेच कळत नाही. मग तो उत्तर पाठ करतो.

निवृत्तीनंतर मी स्वतः इतिहासाच्या एम.ए.ला बाहेरून नाव घातलं. ग्रंथालयाचं कार्ड मागितलं तर उत्तर आलं, कामाच्या दिवशी समक्ष या. अंतर नऊशे किलोमीटर! मी ग्रंथपालांना सरळ पत्र लिहिलं. घरून उघडेल असा लॉगिन मिळतो का आणि माझ्या गावच्या कॉलेजात बसून वाचायला शिफारसपत्र द्याल का, एवढंच विचारलं. दोन्ही मिळालं. नियमात होतं, फक्त माहितीपत्रकात नव्हतं.

तुम्हीही विचारा. फी तुम्ही भरता. देशभरातले प्रबंध शोधगंगेवर आहेत, इग्नूच्या पुस्तिका ई-ज्ञानकोशावर, दोन्ही फुकट. 2025 पासून केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी संस्थांना हजारो संशोधनपत्रिका खुल्या झाल्या आहेत. तुमच्या विद्यापीठात दूरशिक्षणवाल्यांना त्या उघडतात का, हे लेखी विचारा.

आणि एक. सूचीत मराठी पुस्तक एकदा शोधून सोडू नका. शेजवलकर हे नाव रोमन लिपीत कोणी 'डब्ल्यू'नं लिहितं, कोणी 'व्ही'नं. देवनागरीतही टाकून बघा.