चालकरहित मोटारगाडी : संभाव्य लाभ

चालकरहित मोटारगाडी : रस्ता, इतर वाहने व पादचारी यांचा कॅमेरे, रडार व लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारे साधन) यांनी वेध घेऊन संगणकाच्या हुकमतीत आपली आपण चालणारी मोटारगाडी. अमेरिकेतील ‘एसएई इंटरनॅशनल’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात अशा वाहनांच्या ० ते ५ पातळ्या मानल्या आहेत. दुसऱ्या पातळीवर गाडी वेग व स्टिअरिंग सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष माणसानेच ठेवायचे असते. चौथ्या पातळीवर ठरावीक क्षेत्रापुरती चालकाची गरजच उरत नाही. या गाडीचे म्हणून सांगितले जाणारे लाभ बहुतेक चौथ्या पातळीचे असतात. ग्राहकाला विकत मिळणाऱ्या गाड्या मात्र बहुतांशी दुसरीतच आहेत. जाहिरातींत ही सरमिसळ सर्रास आढळते.

पूर्वपीठिका : न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या ‘फ्यूचरामा’ दालनात आपोआप चालणाऱ्या मोटारींचे स्वप्न मांडले होते. जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स यांच्या गाडीने १९९५ मध्ये म्युनिकहून डेन्मार्कपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रवास बव्हंशी स्वतः केला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ने २००४ मध्ये मोहावी वाळवंटात लावलेल्या सुमारे २४० किमी.च्या शर्यतीत एकही गाडी १२ किमी.पलीकडे गेली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली व स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ पहिली आली. गूगलचा २००९ मधील प्रकल्प पुढे ‘वायमो’ झाला. फीनिक्स परिसरात या कंपनीची पूर्ण चालकरहित टॅक्सी ऑक्टोबर २०२० पासून सर्वांना खुली झाली.

सुरक्षितता : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख लोक रस्ते अपघातांत मरतात. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ जण दगावले. संगणक दारू पीत नाही, पेंगत नाही, मोबाइल बघत नाही. म्हणून यातले बहुसंख्य मृत्यू टळतील, असा दावा केला जातो. त्याला आधार म्हणून अमेरिकी शासनाच्या पाहणीतील ‘९४ टक्के अपघात चालकामुळे’ हा आकडा पुढे करतात. त्या पाहणीत अपघाताच्या साखळीतली शेवटची चूक कोणाकडे जाते, एवढेच पाहिले होते. अपघाताचा सगळा दोष चालकाचा, असे तिने म्हटलेले नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२० च्या विश्लेषणानुसार न दिसणे, झोप, नशा यांसारख्या कारणांचे अपघात एक तृतीयांशाच्या आसपास भरतात. बाकीचे टाळायचे, तर गाडीला माणसाच्या घाईपेक्षा नियम मोठा मानावा लागेल.

स्विस री या पुनर्विमा कंपनीने वायमोसह केलेल्या व डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४ कोटी किमी. चालनात इजेसंबंधीचे विमादावे मानवी चालकांच्या तुलनेत ९२ टक्के कमी आढळले. आकडा मोठा आहे. मात्र अभ्यासात कंपनी स्वतः सहभागी होती आणि गाड्या निवडक शहरांतच चालल्या होत्या. टेम्पे (अ‍ॅरिझोना) येथे मार्च २०१८ मध्ये उबरच्या चाचणी गाडीने एका पादचारी स्त्रीचा बळी घेतला.

वाहतूक प्रवाह : सामान्य वाचकाला अपरिचित, पण वाहतूक अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत भरीव लाभ. कोंडीतून सुटल्यावर पुढे पाहावे तर ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक, हा अनुभव प्रत्येकाला असतो. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २२ मोटारी २३० मी. परिघाच्या वर्तुळात सोडल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किमी.च्या एकसारख्या वेगाने चालवण्यास सांगितले. सिग्नल नाही, चौक नाही, मधे घुसणारा कोणी नाही. तरी थोड्याच वेळात काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या, आणि थांबण्याची ही लाट ताशी २० किमी.च्या आसपास वेगाने उलट्या दिशेने सरकू लागली. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की मागचा चालक गरजेपेक्षा जरा जास्त ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी जरा जास्त. अशी ती लाट वाढत जाते. (रहदारीतील लाटांचे गणित लाइटहिल व व्हिटम यांनी १९५५ मध्येच मांडले होते.)

याच धर्तीवर अ‍ॅरिझोनातील टुसॉन येथे झालेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २०१८) विसाएक गाड्यांपैकी एकच स्वयंचलित ठेवली. ती पुढच्या गाडीच्या मागे धावत नसे. सरासरी वेग धरून पुढे अंतर सोडी आणि पुढच्यांची धावपळ त्या अंतरात जिरवून टाकी. लाट विरली. उत्तम फेरीत सर्व गाड्यांचा मिळून इंधनखर्च ४० टक्क्यांपर्यंत उतरला. म्हणजे लाभासाठी सगळ्या गाड्या बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. रांगेतल्या एका शहाण्या गाडीचा फायदा मागच्या साऱ्यांना मिळतो. नॅशव्हिलजवळच्या महामार्गावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा १०० गाड्या नेहमीच्या रहदारीत सोडण्यात आल्या. पुढे सोडलेले अंतर हा या युक्तीचा प्राण होय. भारतीय शहरात त्या अंतरात दुचाकी शिरते.

अपंग व वृद्ध : गूगलच्या स्टिअरिंग व पेडल नसलेल्या छोट्या गाडीतून ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑस्टिन (टेक्सस) येथे एका दृष्टिहीन गृहस्थांनी नेहमीच्या रस्त्यांवर एकट्याने फेरी मारली. सोबत चालक नव्हता, पोलीस नव्हते. परवाना न मिळू शकणाऱ्यांना दुसऱ्यावर अवलंबून न राहता ये-जा करता येणे, हा लाभ सहसा कोणी नाकारत नाही.

वेळ व इंधन : प्रवासाचा वेळ वाचनाला किंवा झोपेला मिळेल, हे खरे, पण वेळ जाचत नाही म्हटल्यावर माणूस जास्त फिरतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १३ जणांना आठवडाभर फुकट चालक देऊन याची नक्कल करून पाहिली, तेव्हा त्यांच्या गाड्यांचे अंतर ८३ टक्क्यांनी वाढले. नमुना लहान आहे. फिरणे असे वाढू शकत असल्यामुळे इंधनबचतीचे अंदाज परस्परविरोधी आहेत.

वाहनतळ : शहरातील जागा मोकळी होण्याची शक्यता.

भारत : रोजगाराच्या प्रश्नावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये व पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे चालकरहित मोटारींना विरोध दर्शविला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटारवाहन चालविणाऱ्या व्यक्तीकडे परवाना असणे बंधनकारक आहे. आयआयटी हैदराबादच्या आवारात २०२२ पासून अशा वाहनांसाठी ‘तिहान’ हे खास चाचणी मैदान आहे.